मधली पंच्याऐंशी वर्षे

यंत्राला वय असते आणि ते दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेले असते.

पहिली वही हिशेबनिसाची. २०१३ च्या कंपनी कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य १५ वर्षे धरले आहे. तेवढ्या काळात दरसाल घसारा काढत यंत्राची किंमत मूळ किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत खाली आणायची. त्यानंतर ते यंत्र कितीही नेमाने धडधडत असो, वहीच्या लेखी त्याचे दिवस भरले.

दुसरी वही पुरातत्त्व खात्याची. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याप्रमाणे एखादी वस्तू 'पुरावशेष' ठरायची तर ती किमान १०० वर्षांची हवी. हस्तलिखितांना काय ती सवलत. त्यांना ७५ वर्षे पुरतात. शंभरी भरली की सरकार त्या वस्तूकडे आदराने पाहू लागते.

आता १५ आणि १०० यांच्या मधली जी ८५ वर्षे उरतात, ती कोणाची? ती भंगारवाल्याची.

मी उभी नोकरी बँकेत केली आणि त्यातली पुष्कळ वर्षे भोसरी-चिंचवडच्या लघुउद्योगांची कर्जप्रकरणे पाहण्यात गेली. कर्जातून घेतलेल्या यंत्रावर बँकेच्या नावाची एक लहानशी पाटी लावण्याची पद्धत होती : 'हे यंत्र अमुक बँकेकडे नजरगहाण आहे.' तपासणीला गेलो की आधी पाटी बघायची, मग यंत्राचा क्रमांक कागदाशी ताडून पाहायचा, मग मालकाच्या आग्रहाचा चहा घ्यायचा. कर्ज फिटले की पाटी निघे. पुढे कधीतरी यंत्रही निघे. त्याच्या जागी संगणकावर चालणारे नवे यंत्र येई आणि त्याला नवी पाटी लागे. जुने कुठे गेले, हे विचारण्याचा रकाना आमच्या तपासणी अहवालात नव्हता. त्या यंत्रापाशी वीस वर्षे उभा राहिलेला माणूस कुठे गेला, हे विचारण्याचा तर नव्हताच.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आज हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. इथल्या कारखानदारीची पहिली पिढी ऐंशीच्या घरात पोचली आहे. तिची यंत्रे मोडीत निघाली, ती माणसेही एकेक करून निघाली आहेत. आणि २०११ च्या जनगणनेतच १७ लाखांवर गेलेल्या, श्रीमंत म्हणून नावाजलेल्या या नगरीत, हे सगळे कसे घडले ते नातवाला दाखवायचे म्हटले तर बोट कुठे करावे, हे सांगता येत नाही.

चष्म्यांच्या व्यवसायातला संग्राहक

ही मधली वर्षे बरोबर ओळखणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ चा, मृत्यू १९९० चा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे, आणि घरचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. हा नाद राजेरजवाड्यांचा नव्हता. केळकरांनी जमवले ते दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, पानाचे डबे, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्ये, कोरीव दारे आणि चौकटी.

तो काळ कोणता होता ते ध्यानात घ्या. वाडे खचत होते. समईच्या जागी कंदील आणि कंदिलाच्या जागी विजेचा दिवा येत होता. घराघरातली पितळ-तांब्याची जुनी भांडी मोडीत निघत होती. 'मोडीत काढणे' हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्दप्रयोग आहे. वस्तूचा घाट, तिच्यावरचे काम, तिला झालेले हाताचे स्पर्श, यांतले काहीही न मोजता फक्त वजन मोजायचे, म्हणजे मोड. केळकर हे मोडीच्या तराजूच्या आड येऊन उभे राहिले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या या वस्तू तेव्हा 'पुरातन' नव्हत्या. नुसत्या जुन्या होत्या, अडगळीतल्या होत्या. शंभरी भरण्याची वाट केळकर पाहत बसले असते तर जमवायला काही उरलेच नसते.

पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. मुलगा राजा अकाली गेला. त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला, म्हणून ते 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'. बापाच्या नावाआधी मुलाचे नाव लागलेली अशी संस्था आपल्याकडे विरळाच. १९६२ मध्ये संग्रहालय रीतसर स्थापन झाले आणि १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. मांडलेल्या साधारण अडीच हजार.

शुक्रवार पेठेतल्या त्या इमारतीत मुलांना घेऊन गेलेल्यांना एक अनुभव हटकून येतो. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालापुढे सगळे थबकतात खरे, पण घरातली आजी रेंगाळते ती स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी. 'अगं, हे आमच्याकडे होतं,' हे वाक्य तिथे जितक्यांदा उच्चारले जात असेल तितके दुसऱ्या कुठल्याही संग्रहालयात उच्चारले जात नसेल. केळकरांच्या संग्रहाची खरी थोरवी त्या वाक्यात आहे. मुकुट पाहून माणूस थक्क होतो. अडकित्ता पाहून त्याला आपली माणसे आठवतात.

आधी शाखा, मग कचेरी

केळकर संग्रहालय शासनाकडे गेल्यावर ते एका मोठ्या कुटुंबात सामील झाले. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची मुख्य कचेरी मुंबईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे आणि त्याच्या अखत्यारीतली प्रादेशिक संग्रहालये महाराष्ट्रभर पसरली आहेत. बँकवाल्याला शाखा म्हटले की कुतूहल वाटते. शाखा कशी निघाली, कोणी काढली, चालते कशी?

बँकेत मुख्य कचेरी आधी असते. ती नकाशा पाहते, बाजारपेठ जोखते आणि शाखा काढते. संग्रहालयांचे पुष्कळदा उलटे झाले. शाखा आधी निघाल्या, कोणाच्या तरी वेडापायी. कचेरीचे छत्र त्यांच्यावर नंतर आले.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचे श्रीभवानी संग्रहालय पाहा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये आपला संग्रह डोंगराच्या वाटेवर खास इमारत बांधून लोकांसाठी खुला केला. रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे शिल्पही आहे. खेड्यातल्या माणसाने ते पाहावे असे एका संस्थानिकाला वाटले, म्हणून ते तिथे आले.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची गोष्ट याहून बोलकी. तेर हे प्राचीन तगर, सातवाहन काळात रोमशी व्यापार करणारे नगर. तिथल्या शेतांत, नांगरटीत, पावसाने धुतलेल्या टेकाडांवर मणी, मृण्मूर्ती, नाणी सापडत. गावातले रामलिंगप्पा लामतुरे ती गोळा करीत राहिले. त्या एका माणसाच्या संग्रहातून शासनाचे संग्रहालय उभे राहिले आणि ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

कोल्हापूरला उत्खननाने संग्रहालय दिले. १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकाम झाले, त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती निघाली. पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव! त्या वस्तू ठेवायच्या कुठे, या निकडीतून तिथले संग्रहालय आले आणि पुढे टाउन हॉलच्या देखण्या इमारतीत स्थिरावले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय त्याहून कितीतरी जुने, १८६३ चे; वैदर्भीय माणसे त्याला कौतुकाने अजब बंगला म्हणतात.

राजा, गावकरी, चष्म्यांच्या व्यवसायातला कवी. तिघांच्या ऐपतीत जमीन-अस्मानाचे अंतर, पण एक गोष्ट समान. वस्तू अजून स्वस्त होती, दुर्लक्षित होती, तेव्हा त्यांनी ती उचलली. सरकारने पुढे छप्पर दिले, शिपाई दिला, तिकीट लावले. पण सरकारने पहिली वस्तू उचलल्याचे उदाहरण शोधावे लागेल. म्हणून आपल्या पट्ट्यात संग्रहालय का नाही, याचे उत्तर महापालिकेच्या दारात जाऊन मागण्याआधी आपण आपल्या माळ्यावर शोधले पाहिजे.

उद्योगांआधीचे औद्योगिक संग्रहालय

औद्योगिक संग्रहालय ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे मुंबईचे संग्रहालय १८५७ मध्ये सुरू झाले आणि १८७२ मध्ये भायखळ्याच्या आजच्या वास्तूत खुले झाले. देशात काय पिकते, काय बनते, कोणत्या कारागिरीला जगात मागणी येईल, हे दाखवणे हा त्याचा मूळ हेतू होता. पुण्यात घोले रस्त्यावरचे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय शाळेच्या सहलीतून आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याचे पूर्वीचे नाव लॉर्ड रे इंडस्ट्रियल म्युझियम. हे रेसाहेब १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सहकारी देशी उद्योगांसाठी धडपडत होते, तो हा काळ. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली होती.

म्हणजे गंमत अशी की या परिसरात कारखाने नव्हते तेव्हा औद्योगिक संग्रहालय होते. त्या पिढीने उद्योगांचे स्वप्न काचेच्या कपाटात मांडून ठेवले. नंतरच्या पिढ्यांनी ते स्वप्न खरे करून दाखवले, पुण्यापासून अवघ्या दहा-पंधरा किलोमीटरवर. आणि ते खरे झाल्याची आठवण मात्र कोणी कुठल्या कपाटात ठेवली नाही.

काय ठेवावे?

'पण इथे ठेवण्यासारखे आहे काय?' असे विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी थोडी यादी देतो.

पहिली वस्तू, पेनिसिलीनची एक कुपी. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. औषधनिर्मितीतला सरकारी क्षेत्रातला हा पहिला कारखाना. तोवर पेनिसिलीन परदेशातून यायचे. या कारखान्याच्या प्रयोगशाळेने पुढे 'हॅमायसिन' हे बुरशीवरचे औषध शोधले. त्याच्या नावातच कारखान्याची आद्याक्षरे आहेत. एका खेडेगावाच्या शिवारातून देशभरच्या न्यूमोनियाच्या मुलांसाठी औषध जाऊ लागले, ही गोष्ट त्या एका कुपीत मावते.

दुसरी वस्तू त्याहून सात वर्षे जुनी : पिंपरी कॅम्पातल्या एखाद्या सिंधी कुटुंबाची ट्रंक. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासित झालेली ही माणसे इथे वसली आणि त्यांनी पिंपरीची बाजारपेठ घडवली. या पट्ट्याचे पहिले स्थलांतरित कारखान्यांच्या भोंग्यावर आलेले नव्हते.

तिसरी वस्तू, सात-बाराचा उतारा. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. या तारखांच्या खाली ज्वारी-बाजरीची शेते आहेत. संपादनाची नोटीस, मिळालेल्या मोबदल्याची पावती आणि त्याच घरातल्या मुलाचे पहिले गेटपास, हे तीन कागद एका चौकटीत लावले तर चौथा कागद लिहावा लागणार नाही.

चौथी वस्तू मोठी आहे, तिला चाके आहेत. आकुर्डीला बजाज टेम्पोचा कारखाना १९६० च्या दशकात आला, १९६९ मध्ये मॅटाडोर आली. कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झाले, पण 'टेम्पो' हा शब्द मराठीत असा रुजला की सामान हलवायला कुठल्याही कंपनीची गाडी आली तरी आपण टेम्पोच ठरवतो. शेजारच्या कारखान्यात १९७२ पासून चेतक स्कूटर बनू लागली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि लग्नाच्या बोलणीत त्या नंबराची पावती निघायची. आकुर्डीतले वाहन उत्पादन २००७ मध्ये थांबले. २०२२ मध्ये त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. मधल्या काळात जे कामगार घरी गेले त्यांच्यापाशी काय उरले? ओळखपत्र, पंचवीस वर्षांच्या सेवेचे घड्याळ आणि कंपनीच्या चिन्हाचे एखादे ताट.

टेल्कोचे पिंपरीतले काम उभे राहिले ते सुमंत मुळगावकर यांच्या दृष्टीने. आधी यंत्रे घडवणारी यंत्रे आणि ती चालवणारी मुले तयार करायची, गाड्या मागाहून, असा तो क्रम होता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर जमीन घेतली आणि पुण्यात बनलेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. आज कोणाला इतका धीर धरवेल? तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून शिकलेला माझा एक शेजारी आहे. त्याने शिकताना कानशीने घासून केलेला लोखंडाचा चौरस 'जॉब' त्याच्या देवघरात आहे. दोन तुकडे एकमेकांत असे बसतात की मधून उजेड जात नाही. 'यापुढं कुठलंही काम अवघड वाटलं नाही,' असे तो म्हणतो. तो जॉब मी पाचवी वस्तू म्हणून धरतो.

सहावी वस्तू जेवणाचा डबा. सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेश, विदर्भ, आणि अलीकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून आलेली एकटी मुले भोसरीत, निगडीत, आकुर्डीत 'कॉट बेसिस'वर राहिली. एकाच खाटेवर दिवसपाळीवाला रात्री झोपे आणि रातपाळीवाला दिवसा. त्यांना जेवू घातले ते खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी. या बायकांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. पहाटे चारला पेटणारी ती शेगडी आणि कोणाचे किती खाडे झाले ते लिहिलेली ती शाळेची वही संग्रहालयात नसेल, तर ते संग्रहालय अर्धेच.

आणि सातवी, गोडीगुलाबीच्या बाहेरची. संपाची पत्रके, कारखाना बंदीच्या नोटिसा, १९८९ मध्ये शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसलेल्या टेल्को कामगारांची आठवण. या पट्ट्याचा इतिहास म्हणजे फक्त उद्घाटनाच्या फितींचा इतिहास नव्हे. कंपन्यांनी आपल्या गाड्या चकचकीत करून मांडाव्यात, त्याला दालन म्हणावे. संग्रहालय म्हणायचे तर भांडणही मांडावे लागते.

गाळ्याचे भाडे कोण भरणार?

हे सगळे मी एका जुन्या खातेदाराला ऐकवले. भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये एका लेथवर सुरुवात करून त्याने दोन मुलांना धंद्यात आणले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, तुमचं खरं आहे. पण लेथ दोन टनांचा. तो ठेवू कुठं? तेवढ्या जागेत नवीन मशिन बसतं. गाळ्याचं भाडं आठवणी भरणार आहेत का?"

प्रश्न रोकडा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देण्यात अर्थ नाही. यंत्र हे अडकित्त्यासारखे खिशातून आणता येत नाही. त्याला क्रेन लागते, तेल लागते, गंज लागू नये म्हणून पाहणारा माणूस लागतो. म्हणूनच सगळे ठेवायचे नसते. केळकरांनीही जमवलेल्यातले आठव्या हिश्शाइतकेच मांडले गेले आहे. शंभर लेथ नकोत. एक हवा, पण त्यावर काम केलेल्या माणसाच्या नावासह, त्याच्या आवाजासह, त्याने बनवलेल्या एका सुट्या भागासह.

आणि हा एकही राहणार नाही अशी चिन्हे आहेत. कुदळवाडी-चिखलीचा भंगार बाजार हा एका अर्थाने या पट्ट्याचे न मांडलेले संग्रहालय होता. इथल्या प्रत्येक कारखान्याचे काही ना काही तिथे येऊन पडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथल्या गोदामांवर आणि शेडवर मोठी कारवाई करून ती पाडली. त्या कारवाईचे कायदेशीर बरेवाईट हा वेगळा विषय. मला एवढेच दिसले की मोडीच्या वाटेवरचा शेवटचा थांबाही उठला. आता वस्तू कारखान्यातून थेट भट्टीत जाईल.

एक छप्पर नको, शाखा हव्यात

या नगरीत काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. चिंचवडला २०१३ पासून सायन्स पार्क आहे. विज्ञानाची तत्त्वे मुलांना हाताळून कळावीत अशी तिथे सोय आहे. चिंचवडलाच चापेकर बंधूंचा वाडा स्मारक म्हणून जतन केला आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली आणि तिघा भावांना फाशी झाली. त्या घराचा उंबरा ओलांडताना आवाज आपोआप खाली येतो. पुढे राजगुरुनगरला हुतात्मा राजगुरूंचा जन्मवाडा आहे. चाकणला संग्रामदुर्गाच्या तटाबुरुजांचे अवशेष आहेत. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट सुमारे दोन महिने लढवला. आज त्याच्या आसपास कांद्याचा बाजार आहे आणि पलीकडे जगातल्या नामांकित मोटार कंपन्यांच्या लांबच लांब भिंती. देहू आणि आळंदी तर आहेतच, आणि त्यांना जोडणारी, आमच्या कारखान्यांचे आणि घरांचे पाणी पोटात घेणारी इंद्रायणीही.

मोती आहेत, दोरा नाही. आणि दोरा ओवण्याचे एक उदाहरण जगात आहे. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीच्या एका दरीत १७०९ मध्ये दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि १७७९ मध्ये तिथे बिडाचा पहिला मोठा पूल उभारला गेला. पुढे कारखाने बंद पडले, दरी ओस पडली. १९६७ मध्ये तिथे आयर्नब्रिज संग्रहालयाचा न्यास स्थापन झाला. त्यांनी एक मोठी इमारत बांधून सगळे तिच्यात कोंबले नाही. भट्टी जिथे होती तिथेच ठेवली, कौलांचा कारखाना जिथे होता तिथेच दाखवला. अशी एकाच दरीत दहा ठिकाणे झाली आणि ती मिळून एक संग्रहालय. १९८६ मध्ये ती दरी जागतिक वारसा ठरली.

आपल्याकडे हेच करता येईल, आणि आयर्नब्रिजइतका पैसा नसला तरी निम्मे करता येईल. मुख्य कचेरी कुठेही असो, एका खोलीची असली तरी चालेल. तिथे फक्त नोंदवही नीट हवी. शाखा जागोजाग. औषधांची शाखा पिंपरीत, चाकांची आकुर्डीत, लघुउद्योगाची भोसरीच्या एका खऱ्याखुऱ्या गाळ्यात, शेतीची आणि किल्ल्याची चाकणला, नदीची देहू-आळंदीच्या वाटेवर. वाडे आणि स्मारके आहेत तशी राहोत, त्यांनी फक्त एका नकाशावर यावे. रविवारी एक बस या सगळ्यांना जोडत फिरली तरी सुरुवात झाली.

खरे तर अशी एक शाखा आपल्याकडे वर्षातून एक दिवस उघडतेच, फक्त तिला कोणी संग्रहालय म्हणत नाही. खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रे धुऊन-पुसून झेंडूची माळ घालून उभी असतात, आणि कित्येक कारखान्यांत घरच्यांना आत येऊ देतात. बायको नवऱ्याचे यंत्र प्रथमच पाहते. मुलगी विचारते, 'बाबा, तुम्ही दिवसभर इथंच उभे असता?' आणि बाबा थोडा लाजून, थोड्या अभिमानाने लिव्हर ओढून दाखवतात. पाहणारा, दाखवणारा आणि वस्तू, तिघे समोरासमोर असतात. चांगल्या संग्रहालयाला याहून अधिक काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी फाटक पुन्हा बंद.

तोवर घरात

शाखा निघतील तेव्हा निघतील. केळकरांनी वाट पाहिली नाही, आपणही पाहू नये. दिवाळीच्या आधी माळा आवरायला घेतो तेव्हा त्या पत्र्याच्या पेटीत काय आहे ते एकदा सावकाश पाहावे. व्हर्नियर कॅलिपर, मायक्रोमीटर, पितळी बिल्ला, कँटीनची कुपने, पहिल्या पगाराची चिठ्ठी, युनियनचे सभासदपत्र, सासूबाईंची डब्यांच्या हिशेबाची वही. फेकायचेच असेल तर फेकावे, घरे लहान असतात. पण एकच वस्तू ठेवावी, आणि तिला सुतळीने एक चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीवर चार ओळी पुरेत : ही कोणाची, कोणत्या साली, कोणत्या खात्यात, आणि हिचे काम काय होते.

ज्यांना हे सांगता येते ती माणसे अजून घरात आहेत. दुपारी चहा झाल्यावर त्यांच्यासमोर ती वस्तू ठेवून नुसते विचारावे. बहुतेक ती आधी 'काय करायचंय त्याचं आता' असे म्हणतील. मग वस्तू हातात घेतील, तिच्यावरची धूळ अंगठ्याने पुसतील आणि सांगायला लागतील. तेव्हा लिहून घ्यायला पेन्सिल जवळ असू द्यावी.